थारोळे: विहिरीवरचे आणि बातमीतले

चोपडा तालुक्यातल्या एका वाचकाच्या शेतात जुनी बांधीव विहीर आहे. तिच्या काठावर घडीव दगडांची उथळ कुंडी आहे आणि घरातली जुनी माणसे तिला ‘थारोळं’ म्हणतात. या वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. बातम्यांतल्या ‘रक्ताच्या थारोळ्यात’ मधले थारोळे हेच का? आणि इतके भक्कम बांधकाम लोकांनी टाकून का दिले?

पहिल्याचे उत्तर सरळ आहे: शब्द तोच. मोट म्हणजे बैलांच्या जोरावर विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोठी पिशवी. तिचे पाणी विहिरीच्या काठावर जिथे पडते, ती जागा म्हणजे थारोळे. त्यावरून जमिनीवर साचलेल्या उथळ पाण्याला आणि पुढे रक्ताला हा शब्द लागला. बातमीदारांनी तो एवढा वापरला, की आता ‘रक्ताच्या’ हा शब्द मागे नसेल तर वाचकाला अर्थच लागत नाही.

थारोळ्याला हौद किंवा टाके म्हणू नये. हौदात पाणी साठते. थारोळ्यात ते क्षणभर थांबते आणि लगेच पाटाला लागते. त्याचे खरे काम मार सोसण्याचे. मध्यम मोटेत दीडशे लिटर पाणी मावते. मिनिटाला एक खेप धरली तरी तासाला साठ वेळा तेवढे पाणी एकाच जागी आदळणार. तिथे नुसती माती असती तर दोन दिवसांत खड्डा पडून काठ विहिरीत गेला असता. म्हणून तळाला जाड फरशी, सांध्यांत चुना आणि पाटाच्या बाजूला एकच तोंड. तळाचा उतारही त्या तोंडाकडेच.

थारोळे एवढे काठाला चिकटून का, हे मोटेची रचना पाहिल्याशिवाय कळत नाही. चामड्याच्या मोटेला खाली सोंड असते. मोटेचे वजन पेलणारा जाड दोर म्हणजे नाडा. तो वरच्या चाकावरून जातो. सोंडेच्या टोकाला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोंदूर. तो काठालगतच्या खालच्या रुळावरून जातो. दोन्ही दोर एकाच बैलजोडीने ओढायचे. मोट वर चढत असताना सोंड दुमडून तिच्या तोंडाच्या उंचीला उभी राहते, त्यामुळे पाणी सांडत नाही. काठाशी आल्यावर नाडा मोटेला वर नेत राहतो आणि सोंदूर मात्र सोंडेला रुळावरून थारोळ्यात खेचतो. सोंड आडवी झाली की मोट आपोआप रिकामी होते, माणसाला हात लावावा लागत नाही. सगळी गंमत सोंदराच्या लांबीत आहे. तो लांब राहिला तर सोंड लोंबते आणि पाणी वाटेतच परत विहिरीत जाते. आखूड झाला तर सोंडेवर नको तेवढा ताण येऊन शिवण उसवते. नवा दोर ताणला जातो, म्हणून सुरुवातीला गाठ पुन्हा पुन्हा सारखी करावी लागे.

आता दुसरा प्रश्न. पंप आला आणि मोट गेली, हे खरेच. दीडशे लिटरच्या मोटेने तासाला नऊ हजार लिटर पाणी निघे, तेही बैल न थकता चालले तर. पाच हॉर्सपॉवरचा पंप वीस मीटर खोलीवरून तासाला पंचवीस-तीस हजार लिटर सहज काढतो. पण मला धावेचे कारण त्याहून महत्त्वाचे वाटते, आणि ते फारसे कोणी सांगत नाही. धाव म्हणजे बैल ज्या उतारावरून विहिरीपासून लांब जातात ती वाट. (गाडीच्या चाकावर चढवतात त्या लोखंडी पट्टीलाही धावच म्हणतात, ती वेगळी.) पाणी जितके खोल, तितकी धाव लांब हवी, कारण मोट जेवढी वर यायची तेवढेच अंतर बैलांनी चालायचे. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात भूजल खाली खाली गेले. विहीर खोल करता येते, पण धाव वाढवायची तर पुढे बांध असतो, शेजाऱ्याचे शेत असते, नाहीतर रस्ता. तिथे मोटेचा हिशेबच संपतो.

थारोळे त्यानंतरही काही वर्षे टिकले. पंपाचा पाइप त्यातच सोडायचा आणि पाणी जुन्याच पाटाने न्यायचे, अशी सोय होती. ते सुटले ठिबक सिंचनामुळे. ठिबकला साधारण दर चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब लागतो, म्हणून पाणी पंपातून फिल्टरमध्ये आणि तिथून थेट बंद पाइपात जाते. मध्ये उघडी कुंडी आली की दाब शून्य. मग थारोळे मातीने बुजते आणि धाव सपाट होऊन पेऱ्याखाली जाते. काठाच्या सांध्यांत पिंपळ-उंबर रुजले की मात्र दगड सुटायला लागतात. विहिरीच्या तोंडावर पुढे आलेल्या ज्या दगडांवर किंवा लाकडांवर चाक बसवलेले असे, त्यांवर पाय देऊ नये. वरून शाबूत दिसले तरी मागचा भाग पोकळ झालेला असतो. चाके बसवायच्या अशा जागा मोजल्या की विहीर किती मोटांची होती ते कळते. साताऱ्याजवळच्या लिंब गावची विहीर बारा मोटांची म्हणून ओळखली जाते.

‘आघाडीची मोट बांधली’ हा वाक्प्रयोगही कोणी विहिरीकडे ओढतात. तसे नाही. तिथे मोट म्हणजे गाठोडे. चामड्याच्या मोटेशी त्याचा संबंध लावू नये.

विहिरीची नोंद करताना ‘पडीक विहीर’ लिहू नका. पडीक जमीन असते, आणि विहिरीला पाणी असेल तर ती चालूच आहे. ‘विहीर वापरात, मोटेचे बांधकाम बंद, थारोळे बुजलेले, धाव मोडलेली’ असे लिहिले की वाचणाऱ्याला नेमके कळते.