२०१२ च्या आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स एवढी वाईट का खेळली? पुणेकरांनी त्या टीमला कधी आपलं मानलंच नाही, हे खरं आहे का?

प्रश्नातलं दुसरं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो. "पुणेकरांनी कधी आपलं मानलंच नाही" हे आमच्या दाजींचं लाडकं वाक्य आहे. दाजी मूळचे लालबागचे, आता ठाण्यात असतात. ताईचं लग्न झालं तेव्हा आयपीएल नव्हती, त्यामुळे माणूस बरा वाटला होता.

आधी एक गोष्ट, जी लोक विसरतात. त्या मोसमाची सुरुवात वाईट नव्हती. ६ एप्रिलला वानखेडेवर आपण फक्त १२९ केले आणि तरी मुंबईला २८ रननी हरवलं. दिंडाने चार विकेट काढल्या. (हो, तोच दिंडा, ज्याच्यावर पुढे सगळ्यांनी विनोद केले. त्या रात्री कुणाला विनोद सुचत नव्हता.) मग घरच्या मैदानावर, गहुंजेला, पंजाबला हरवलं, चेन्नईला हरवलं. चेन्नईच्या मॅचला जेसी रायडर शेवटपर्यंत उभा होता. दिल्लीला त्यांच्याच घरी जाऊन हरवलं. सातपैकी चार जिंकलेल्या. मी ऑफिसात प्ले-ऑफची गणितं मांडत होतो.

त्यानंतर सलग नऊ हरलो. नऊ. सोळा मॅचमध्ये चार विजय आणि नऊ टीममध्ये नववा नंबर. डेक्कन चार्जर्सने त्या वर्षी एकूण चार मॅच जिंकल्या, त्यातल्या दोन सहा दिवसांत आपल्याविरुद्ध जिंकल्या. यावरून काय ते समजा.

का, हे विचारताय ना? माझं मत पक्कं आहे. मोसम एप्रिल-मेमध्ये हरला नाही, ४ फेब्रुवारीला हरला. त्या दिवशी बंगळुरूला खेळाडूंचा लिलाव होता आणि आपले मालक, म्हणजे सहारा, त्यात उतरलेच नाहीत. युवराजवर कॅन्सरचे उपचार चालू होते. २०११ मध्ये त्याच्यावर १८ लाख डॉलर लावलेले. सहाराचं म्हणणं असं की तो खेळणार नाही, तर त्याची रक्कम आम्हाला लिलावात वापरू द्या. क्रिकेट बोर्ड म्हणालं, नियमात बसत नाही. सहाराने त्याच दिवशी भारतीय टीमची स्पॉन्सरशिपसुद्धा सोडत असल्याचं जाहीर करून टाकलं. पुढे समेट झाला, सगळं गोडीगुलाबीने मिटलं, पण लिलाव काही परत होत नाही. जडेजा त्याच लिलावात २० लाख डॉलरला चेन्नईकडे गेला होता. आपण आपला रुसवा धरून बसलो होतो.

मग टीम कशी उभी राहिली? मिळेल त्याला घेऊन. दादा, म्हणजे सौरव गांगुली, कॅप्टन, दादाच मेंटॉर. परदेशी चारच खेळवता येतात हे माहीत असताना रायडर, स्मिथ, सॅम्युअल्स, मॅथ्यूज, फर्ग्युसन अशी रांग लावलेली, आणि एप्रिलच्या शेवटी त्यात मायकेल क्लार्क येऊन दाखल. बांगलादेशचा तमीम इक्बाल तर अख्खा मोसम टीमबरोबर होता, एक मॅच खेळला नाही. ही टीम नव्हती, लग्नाच्या पंगतीत ऐनवेळी वाढवलेली पानं होती.

आता ३ मेबद्दल. गुरुवार होता. गहुंजेला मुंबईची मॅच. दाजी खास ठाण्याहून आले होते. मी, दाजी आणि बाबा असे तिघं निघालो. बाबांना स्कोअर लिहायची सवय. नेहरू स्टेडियमला रणजीच्या मॅच पाहायला जायचे तेव्हापासूनची. टीव्हीवर मॅच असली तरी मांडीवर वही असायचीच, आणि त्यांच्या मते टीव्हीवाले वाइड चुकीचे दाखवतात. त्या दिवशी गेटवर पाण्याची बाटली गेली, सुटी नाणी गेली, पण पेन्सिल बाबांनी कानावर अडकवली होती. सुतार समजून सोडलं असावं.

ज्यांनी गहुंजे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: स्टेडियम झकास आहे, फक्त ते पुण्यात नाही. एक्स्प्रेसवेच्या कडेला, डोंगराजवळ. संध्याकाळी वारा असा सुटतो की वहीची पानं धरून ठेवावी लागतात. बाबांनी एक बाजू कोपराने दाबली होती आणि दुसरी दाजींना धरायला लावली होती. दाजींना त्यामुळे टाळ्या वाजवता येत नव्हत्या. बाबांनी हे मुद्दाम केलं की कसं, ते मला आजही माहीत नाही.

मुंबईला आपण १२० वर थांबवलं. नऊ विकेट. मला सांगा, याहून जास्त बोलरनी काय करायचं? ब्रेकमध्ये मी दाजींना वडापाव खाऊ घातला, म्हटलं उपाशीपोटी हरू नका.

मग आपली बॅटिंग. १२१ हवे होते. कुठलाही राक्षस अंगावर आला नाही, कुणाचे दांडके उडाले नाहीत. फक्त ठिपके. बाबांच्या वहीत निर्धाव चेंडूला ठिपका असतो आणि त्या पानावर ठिपक्यांची रांगोळी झाली होती. दहाव्या ओव्हरच्या आसपास बाबा मान वर न करता म्हणाले, "यांना आउट व्हायची भीती आहे रे, हरायची नाही."

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं याहून चांगलं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. वीस ओव्हर संपल्या तेव्हा आपण ११९ होतो आणि सहाच विकेट गेल्या होत्या. चार विकेट न वापरता घरी परत नेल्या. त्यांचं लोणचं घालायचं होतं का? वीस ओव्हरच्या खेळात विकेट म्हणजे खर्चायची गोष्ट. ती शिल्लक ठेवून हरणं म्हणजे पाकिटात पैसे असताना उपाशी झोपणं. दादाचंही तेच. मी दादाचा भक्त आहे, लॉर्ड्सच्या गॅलरीतला टीशर्ट कोण विसरेल, पण त्या मोसमात त्याचा स्ट्राइक रेट शंभरच्याही खाली होता आणि चाळिशीला दोन महिने उरले होते. कॅप्टनच असा खेळत असेल तर बाकीच्यांना घाई करा म्हणून सांगणार कोण? मेंटॉर? तोही तोच.

शेवटची ओव्हर मी पाहिलीच नाही. मी बाबांच्या पेन्सिलकडे बघत होतो. म्हटलं, ती थांबली की समजेल. थांबली. मग आसपासचे लोक ओरडले, आणि ते ओरडणं आनंदाचं होतं हे समजायला मला दोन सेकंद लागले.

गाडी लांब लावली होती. अंधारात चालताना दाजी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, किती समंजस माणूस. वाकड आलं तेव्हा म्हणाले, "टीमचं सोड, तुमचं पब्लिकच आमचं होतं की रे."

तर हा तो वाद. तेव्हापासून प्रत्येक दिवाळीत, प्रत्येक बारशात, ताईच्या घराच्या वास्तुशांतीलासुद्धा. आता माझं म्हणणं नीट मांडतो, कारण घरी पुरं बोलू देत नाहीत.

पुणेकरांनी आपलं मानायला टीम पुण्यात तर यायला हवी. पहिल्या वर्षी, २०११ मध्ये, या टीमचं घरचं मैदान कुठलं होतं? नेरूळचं डी. वाय. पाटील. पुणे नावाच्या टीमची मॅच बघायला पुणेकराने खंडाळा घाट उतरून नवी मुंबईला जायचं. दुसऱ्या वर्षी गहुंजे मिळालं. तिसऱ्या वर्षी, मे २०१३ मध्ये, फीवरून मालकांचं बोर्डाशी पुन्हा फाटलं आणि मोसम संपता संपता ते बाहेर पडले. खेळ खलास. म्हणजे खऱ्या अर्थाने दोन उन्हाळे. दोन उन्हाळ्यांत माणूस सोसायटीतल्या शेजाऱ्याला आपलं मानत नाही, टीमला कसं मानेल? मुंबईवाल्यांना २००८ पासून एक नाव, एक रंग. त्यात सचिन. आयतं ताट मिळालेल्यांनी आम्हाला भूक शिकवू नये.

पुढचंही ऐका. २०१६ मध्ये वेगळ्या मालकांची, वेगळ्या नावाची टीम आली. दुष्काळ होता, हायकोर्टाने ३० एप्रिलनंतरच्या मॅच राज्याबाहेर न्यायला सांगितल्या आणि आपलं घर झालं विशाखापट्टणम. तो निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. लोकांना प्यायला पाणी नसताना मैदानावर पाणी मारणं शोभत नाहीच. पण मग पुणेकराने प्रेम कुठे करायचं, समुद्रकिनाऱ्यावर?

थोडं मागेपुढेही करतो, नाहीतर कॉमेंटमध्ये कुणीतरी काढेलच. एक, मी वर सगळा दोष लिलावावर टाकला, पण २०११ मध्ये युवराज होता, कॅप्टन होता, वर्ल्डकप नुकताच गाजवून आला होता, तरी आपण दहा टीममध्ये नववेच होतो. तेव्हा ४ फेब्रुवारीचं माझं म्हणणं शंभर टक्के खरं नाही. सत्तर टक्के धरा. दोन, नशीबही फुटकं होतं. १७ एप्रिलला बंगळुरूला शेवटच्या ओव्हरमध्ये त्यांना २१ हवे होते, नेहराच्या हातात बॉल, डिव्हिलियर्सने धुतला आणि शेवटच्या बॉलवर सौरभ तिवारीने सिक्स मारला. त्याच मॅचमध्ये गेलने राहुल शर्माला एका ओव्हरमध्ये पाच सिक्स मारले होते. ती जिंकलो असतो तर पुढचं काही वेगळं झालं असतं असं मला वाटतं. दाजींना वाटत नाही.

तीन, सगळेच टाकाऊ होते असंही नाही. त्या टीममध्ये भुवनेश्वर होता. पुढच्या वर्षी गेलने आपल्यावर १७५ काढले, बंगळुरूने २६३ केले, त्या कत्तलीत भुवनेश्वरच्या चार ओव्हरमध्ये गेले फक्त २३. आणि फिंचच्या एका ओव्हरमध्ये २९. तो स्कोअरकार्ड शोधून बघा. जळत्या घरात एक माणूस शांतपणे चहा पितोय असं वाटतं.

आणि चौथी गोष्ट, जी मी मघाशी सांगितली नाही. ३ मेला मुंबईची बॅटिंग सुरू होताना सचिन पायऱ्या उतरून आला, तेव्हा गहुंजे अख्खं उभं राहिलं. मीही राहिलो. बाबाही राहिले, वही सोडून. पानं फडफडली, आणि दाजींनी ती धरली. दाजींच्या सगळ्या युक्तिवादाचा पाया हे एवढंच आहे. पण सचिनसाठी उभं राहणं आणि मुंबईसाठी उभं राहणं यात फरक आहे, हे त्यांना समजत नाही. नागपूरला, कोल्हापूरला, चेन्नईला माणसं उभी राहिली नसती का?

माझ्याकडे याचा पुरावा आहे. २१ मे २०१७, हैदराबाद, फायनल. पुणे विरुद्ध मुंबई. मुंबई १२९. आपण १२८, सहा बाद. एका रनने हरलो. पुन्हा एक रन, पुन्हा सहाच विकेट गेलेल्या, पुन्हा मुंबई. आणि मैदान ना तुमचं ना आमचं. रात्री दाजींचा फोन आला, मी वाटच बघत होतो. म्हटलं, "बघा दाजी, आज पुण्याचं पब्लिक नव्हतं. तरी तेवढंच झालं. म्हणजे त्या दिवशी दोष पब्लिकचा नव्हता, मान्य करा."

ते म्हणाले, "बरोबर आहे. तुम्ही कुठेही एक रन कमीच."

यावर अजून उत्तर सापडलेलं नाही. सापडलं की इथे लिहीन.

बाबांची वही आहे अजून. दाजी दरवेळी मागतात, मी देत नाही, कारण ३ मेच्या पानावर पुण्याची बेरीज १२० येते. बाबांनी त्या रात्री दिवा लावून तीनदा केली, तिन्ही वेळा १२०. कुठेतरी एक रन जास्त लिहिला गेलाय. कुठे, ते त्यांना शोधायचं नव्हतं, आणि मलाही नाही.