फोड भरून आला, पण आजार गेला का?

प्रश्न : मी लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. अडीच महिन्यांपूर्वी प्रवासात एकदा कंडोमशिवाय संबंध आला. तीन आठवड्यांनी लिंगावर एक फोड उठला, मात्र तो दुखत नव्हता. सोबतच्या चालकाने दिलेल्या गोळ्या चार दिवस घेतल्या आणि महिनाभरात फोड नाहीसा झाला. आता काहीच त्रास नाही. पत्नी गरोदर आहे. तिला सांगणे आवश्यक आहे का?

उत्तर : होय, आणि तेही लवकर. तुमच्या वर्णनावरून उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, दाट शंका येते. या आजाराचा पहिला व्रण बहुधा एकच असतो, कडेला टणक लागतो, दुखत नाही आणि काहीही औषध न घेता तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. त्यामुळे गोळ्यांनी गुण आला असा समज होतो, पण जंतू शरीरात तसेच राहतात. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येऊ शकते, तेही आपोआप मावळते, आणि उपचार झाले नाहीत तर कित्येक वर्षांनी हृदय, मेंदू किंवा डोळ्यांना इजा होऊ शकते.

निदान रक्ततपासणीने होते. सुरुवातीच्या अवस्थेत पेनिसिलिनचे एक इंजेक्शन सहसा पुरते; पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्याही तपासण्या याच वेळी करून घ्या. एचआयव्हीची तपासणी आज निर्दोष आली तरी त्या संबंधाला तीन महिने पूर्ण झाल्यावर ती पुन्हा करावी.

गरोदरपणात उपदंश गर्भापर्यंत पोहोचतो. गर्भपात होऊ शकतो, बाळ मृत जन्मू शकते. वेळेवर दिलेले पेनिसिलिन मात्र आई आणि बाळ दोघांनाही वाचवते. म्हणून पत्नीची तपासणी याच आठवड्यात व्हावी. एकट्याने सांगणे जड जात असेल, तर डॉक्टरांसमोर दोघांनी मिळून बोला. दोघांचे उपचार पूर्ण होऊन डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत संबंध टाळा.

चालकांचे उपचार अर्धवट राहतात ते बेफिकिरीपेक्षा कामाच्या आखणीमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढची तारीख येते तेव्हा गाडी भलत्याच गावी असते. अहवालाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, म्हणजे सहा आणि बारा महिन्यांनी करायची रक्ततपासणी कुठल्याही दवाखान्यात मागच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल. कंडोम काचेजवळच्या कप्प्यात ठेवू नका. उन्हाने रबर कमकुवत होते, आणि तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास ते फाटते. पुन्हा कधी असा धोका पत्करला गेलाच, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. एचआयव्ही टाळण्यासाठीच्या २८ दिवसांच्या गोळ्या त्यानंतर सुरू करून उपयोग होत नाही.