'अभिरुची' लागते की घडते?

प्रश्न असा आला होता: एकाने स्वतःच्या सिनेमावेडाबद्दल लिहिताना "हळूहळू मला चांगल्या सिनेमाची अभिरुची लागली" असं वाक्य लिहिलं, मित्राने ते खोडलं आणि म्हणाला, अभिरुची लागत नसते, गोडी लागते. तर बरोबर कोण? आणि अभिरुची म्हणजे शेवटी आवडच ना, मग "मला असले पिक्चर आवडतात" एवढ्यावर भागत नाही का, हा जड शब्द कशाला?

मित्र बरोबर आहे. आणि आवड अन् अभिरुची एक नाही हे त्याच्या दुरुस्तीतच आलेलं आहे, फक्त त्याने ते उलगडून सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी जरा लांबण लावतो.

आधी 'लागणे' बघा. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नाद लागतो, वेड लागतं, चटक लागते, गोडी लागते. सगळीकडे माणूस 'ला' लावून बसलेला आहे, मला, तुला, बंड्याला, म्हणजे त्याने काही केलेलं नाही, त्याला ते झालंय. आवडणे हे क्रियापद पण ह्याच घरातलं. "मी सिनेमा आवडतो" असं कोणी म्हणत नाही, आणि "मी सिनेमाला आवडतो" म्हटलं तर अर्थच उलटा होऊन बसतो. कोणाला "हा पिक्चर आवड" असा हुकूमही सोडता येत नाही, फार तर "आवडून घे" म्हणतात, तेही ताटात कारलं वाढताना. आणि गंमत म्हणजे सिनेमा स्वतःसुद्धा लागतोच की! टॉकीजला कुठला पिक्चर लागलाय, टीव्हीवर काय लागलंय. म्हणजे तो तिकडे लागतो आणि त्याचा नाद आपल्याला इकडे लागतो, ह्यात आपलं कर्तृत्व शून्य.

ह्या लागण्याच्या काळात माणूस जे लागेल ते बघतो, दूरदर्शनच्या जमान्यात शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी, आता फोनवर येईल ते, आणि बहुतेक सगळं आवडतं. ह्याला कमी लेखायचं कारण नाही, हा काळ ज्याच्या वाट्याला आला नाही त्याची पुढे नुसती मतं तयार होतात.

पुढचा टप्पा सांगायला मराठीत वेगळं क्रियापद आहे. गाण्यात कान तयार होतो, तबल्यावर हात बसतो, तशी सिनेमात नजर तयार होते. 'तयार होणे' म्हटलं की त्यात वेळ आला, पुन्हा पुन्हा करणं आलं, बहुतेक वेळा कोणीतरी शिकवणारा किंवा निदान वाद घालणारा आला. अभिरुची ह्या रांगेतली आहे. ती घडते, जोपासतात, बिघडतेसुद्धा, पण लागत नाही.

नजर तयार होतेय हे ओळखायची एक खूण बोलण्यातच सापडते, माझ्या फार आवडीची. "कोणाचा पिक्चर आहे?" ह्या प्रश्नातली षष्ठी कोणाकडे जाते ते बघायचं. 'आनंद' (१९७१) कोणाचा? सुरुवातीला उत्तर बेधडक येतं, राजेश खन्नाचा, फार तर कोणी अमिताभसाठी भांडतं. काही वर्षांनी तोच माणूस म्हणायला लागतो, हृषीकेश मुखर्जींचा. आणि मग कधीतरी कळतं की हे मूळचे एडिटर, बिमल रॉयांकडे काम केलेले, आणि ते कळल्यावर सीन कुठे सुरू होतो, कुठे तोडलाय, रडू यायच्या आधी तोडलाय की नंतर, इकडे लक्ष जायला लागतं. सिनेमा तोच, प्रश्न तोच, 'चा' प्रत्यय मात्र एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकला.

सत्यजित राय ह्यांचा प्रवास असाच झालाय आणि त्यांनी तो स्वतः सांगून ठेवलाय. शाळकरी वयात नटनट्यांचे चाहते, कॉलेजच्या वयात लक्ष दिग्दर्शकांकडे वळलं, मग थिएटरच्या अंधारात बसून हॉलिवूडच्या सिनेमांत कट कुठे येतात ह्याची टिपणं काढायचे. १९४७ला मित्रांबरोबर कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, १९५०ला लंडनमध्ये 'बायसिकल थीव्ह्ज' हा इटालियन सिनेमा बघितला, १९५५ला 'पथेर पांचाली' आला. सगळ्यांनी टिपणं काढून दिग्दर्शकच व्हायला पाहिजे असं नाही, पण गोडी लागलेला पोरगा आणि नजर तयार झालेला माणूस ह्यांच्यामधली ती वही महत्त्वाची आहे, एवढंच.

बरं, "जास्त अभ्यास केला की मजा जाते" असं म्हणणारे खूप भेटतात, आपल्या जुन्या काव्यशास्त्राचं म्हणणं बरोबर उलटं आहे. काश्मीरचा अभिनवगुप्त, साधारण हजार वर्षांपूर्वीचा, त्याने ध्वन्यालोक ह्या काव्यशास्त्राच्या ग्रंथावरच्या 'लोचन' टीकेत सहृदय कोणाला म्हणायचं ते सांगितलंय: काव्याच्या अनुशीलनाने, अभ्यासाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झालाय आणि म्हणून समोरच्या गोष्टीशी तन्मय व्हायची योग्यता ज्यांच्यात आलीय, ते. अभ्यास आधी आणि तन्मयता नंतर, अभ्यास चुका काढायला नाही, जास्त बुडून जाता यावं म्हणून. आपल्याकडे फिल्म अॅप्रिसिएशनला 'रसास्वाद' म्हणतात, चित्रपट रसास्वाद शिबीर वगैरे, तो शब्द ज्याने कोणी काढला त्याला माझा नमस्कार, कारण 'परीक्षण' म्हटलं की लगेच पेपर तपासल्यासारखं वाटतं. मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८पासून आहे, पुण्यात आशय फिल्म क्लब १९८५पासून, आणि पुण्यातच लॉ कॉलेज रोडला फिल्म आर्काइव्ह, जवळच जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट, त्यामुळे सिनेमाबद्दल बोलायची मराठी बरीचशी ह्या भागात घडली. (फिल्म सोसायट्यांना सेन्सॉरमधून सूट असायची आणि बरेच सभासद त्या काळी निव्वळ त्यासाठी यायचे हेही सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातलेसुद्धा काही जण अपेक्षित सीन न येता सिनेमा संपल्यावर चर्चेला थांबायचे, आणि तिथे फसायचे.)

नजर तयार होणं म्हणजे नेमकं काय ते एका जागेवर दाखवतो. 'कोर्ट' (२०१४), चैतन्य ताम्हाणेचा, एका खटल्यावरचा मराठी सिनेमा. शेवटाकडे कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, सगळे निघून जातात, खोलीतले दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. संपला असं वाटतं, थिएटरात पिशव्या गोळा करायला सुरुवात. आणि मग पिक्चर पुढे चालू होतो, न्यायाधीश सहलीला गेलेत, रिसॉर्ट, नातेवाईक, गप्पा, मग बाकावर बसल्या बसल्या डुलकी, पोरं ओरडून दचकवतात, ते एकाच्या कानाखाली वाजवतात, आणि पुन्हा डोळे मिटतात. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, कशाला ताणलं, तिकडे दिवे गेले तिथे मस्त संपत होता की! आता हाच सिनेमा दुसऱ्यांदा बघताना लक्षात येतं की कॅमेरा अख्खा वेळ लांब उभा राहून, न हलता, आपल्याला ह्याच गोष्टीची सवय लावत होता, कोर्टात माणसं जी असतात ती बाहेर कुठे राहतात, काय खातात, घरी काय बोलतात. दिवे गेले तिथे संपला असता तर तो व्यवस्थेवरचा सिनेमा झाला असता. सहलीमुळे तो त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाचा पण झाला, आरोपी आत आणि ह्यांची दुपारची झोप. आता हे सगळं कळूनही एखाद्याला 'कोर्ट' संथ वाटू शकतो, नावडू शकतो. बिनधास्त नावडू दे. पण आधीच्या "बोअर आहे यार"मध्ये आणि आताच्या "बांधणी दिसली, पण मला नाही आवडला"मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि हा फरक कालिदासाने एका श्लोकात टिपलाय. "भिन्नरुचिर्हि लोकः" हे आपण उठसूट वापरतो, कोणाची आवड विचित्र वाटली की खांदे उडवून म्हणायला. पण ते वाक्य येतं कुठे? रघुवंशाच्या सहाव्या सर्गात, इंदुमतीच्या स्वयंवरात. अंग देशाच्या राजाची भरपूर स्तुती ऐकून झाल्यावर ती त्याच्यावरून नजर काढते आणि चल पुढे म्हणते. कालिदास लगेच सांगतो, तो राजा हवाहवासा नव्हता असं नाही, आणि तिला नीट पारखता येत नव्हतं असंही नाही, लोकांच्या रुची वेगळ्या असतात, इतकंच. 'नीट पारखणं'साठी त्याचे शब्द आहेत सम्यक् द्रष्टुम्, म्हणजे नीट पाहणं, आणि आपल्या 'समीक्षा' शब्दात पण सम् (नीट) आणि ईक्ष् (पाहणं), हाच अर्थ बसलाय. म्हणजे नजर पक्की होती, माल उत्तम होता, तरी आवडला नाही. ह्या सुभाषिताचा शेपटाकडचा तुकडा तेवढा आपण उचलला आणि "नीट पाहता येत होतं" ही अट तिथेच सोडून आलो! नीट न बघता भिन्नरुची म्हणणं ही पळवाट झाली.

तुकोबांच्या 'सुंदर ते ध्यान'मध्ये मात्र दोन्ही एकत्र नांदतात. कर कटावर, गळ्यात तुळशीहार, कासेला पितांबर, कानात मकरकुंडलं, कंठी कौस्तुभ, एकेक गोष्ट टिपत टिपत जातात आणि शेवटी "पाहीन श्रीमुख आवडीने". आवडीने पाहणं! नजर आणि आवड एकमेकींच्या आड न येता. आता भक्तीचं इथे सिनेमाला लावतोय म्हणून कोणी रागावू नये, मी फक्त क्रियापदाबद्दल बोलतोय.

नीट पाहायला शिकल्यावर आपले जुने लाडके टाकून द्यायचे का, हा प्रश्न नवशिक्यांना फार छळतो. नाही टाकायचे. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मराठी घरांमध्ये पाठ आहे, तो हृषीकेश मुखर्जींच्याच 'बीवी और मकान'वरून (१९६६) आलाय हे कळलं म्हणून काय हसायचं थांबायचं? 'आवडता' आणि 'श्रेष्ठ' ह्या दोन याद्या वेगळ्या ठेवल्या की त्रास मिटतो. गोंधळ होतो तो एका यादीचं काम दुसरीकडून करून घेताना: आवडला म्हणून तो थोरच आहे असं सिद्ध करत बसायचं, किंवा नावडतीचं मीठ अळणी ह्या न्यायाने एखाद्या दिग्दर्शकाचं चांगलं कामही दिसेनासं व्हायचं. ज्याच्या दोन्ही याद्या तंतोतंत सारख्या निघतात त्याच्यावर मला थोडा संशय येतो खरं सांगायचं तर.

आणि श्रेष्ठांची यादी पण काही दगडावर कोरलेली नसते. ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकात १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतात. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' आला १९५८ला, १९६२ आणि १९७२च्या पहिल्या दहांत त्याचा पत्ता नाही, १९८२ला सातवा, १९९२ला चौथा, २००२ला दुसरा, २०१२ला थेट पहिला, आणि २०२२ला त्यालाही मागे टाकून शांताल आकरमानचा 'जान डिलमन' वर. 'व्हर्टिगो'ची एक फ्रेमही बदलली नव्हती ह्या काळात. मोठमोठ्या लोकांची नजर तयार व्हायला चोवीस वर्षं लागली तर आपल्याला एखादा सिनेमा पहिल्या फटक्यात डोक्यावरून गेला ह्यात लाजण्यासारखं काय आहे.

राहिला जडपणा. ते मान्य, 'अभिरुचिसंपन्न प्रेक्षक' म्हटलं की नाक वर केलेलं कोणीतरी दिसतं. 'रसिक' वापरून वापरून गुळगुळीत झालाय, निवेदकाला तिकीट काढलेला प्रत्येक जण रसिक मायबापच असतो. रोजच्या बोलण्यात मी 'दर्दी' म्हणेन, गाण्याचा दर्दी म्हणतो तसा सिनेमाचा दर्दी, त्यात वेडही आलं आणि जाणही. किंवा 'चोखंदळ', पण त्यात निवड जास्त आणि प्रेम कमी. 'रुची' एकटी वापरू नका, "मला सिनेमात रुची आहे" हे हिंदीच्या वळणाचं झालं, मराठीत रस असतो. रुची आपल्याकडे जिभेला असते, आणि तापातून उठल्यावर नसते, त्या नसण्याला वैद्य अरुची म्हणतात.

तेव्हा मूळ वाक्य असं करा: "मला सिनेमाची गोडी लागली, आणि बघता बघता नजर तयार झाली." लेख जरा भारदस्त असेल तर "अभिरुची घडत गेली" चालेल. आणि लिहिताना 'अभिरूची' नको, रु ऱ्हस्व आहे. शेवटची ची एकटा शब्द असताना दीर्घ, समासात मात्र ऱ्हस्व, अभिरुचिसंपन्न, अभिरुचिहीन, बुद्धी पण बुद्धिमान ह्या चालीवर.