समुद्रात लोखंड टाकून हवेतला कार्बन कमी करता येतो का? 'लोहाफेक्स' प्रयोग फसला होता का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. समुद्रात लोखंड टाकलं की प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढून हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हे खरं का? आणि सागरी शास्त्रज्ञ व्हिक्टर स्मेटाचेक व गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (एनआयओ) 2009 साली समुद्रात लोह टाकून केलेला 'लोहाफेक्स' प्रयोग फसला, असं म्हणतात ते खरं का?

माझं शिक्षण गोव्यातलं आणि विषय प्लवकांचा, त्यामुळे या प्रकरणात माझा थोडा जीव अडकलेला आहे. तेवढं गृहीत धरून वाचा. माझ्या मते तो प्रयोग फसला नाही. कार्बन खाली गेला नाही हे खरं, पण का गेला नाही ते त्यातूनच स्वच्छ कळलं, आणि त्या उत्तराचं नाव आहे डायटम.

आधी लोखंडाचं प्रकरण. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर असतं, तरी वनस्पतीप्लवक त्या मानाने फार कमी. जमीन दूर, त्यामुळे वाऱ्याबरोबर येणारी धूळ नाही आणि धुळीतून मिळणारं लोह नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस हे ठासून मांडलं. अर्धं जहाज लोखंड द्या, तुम्हाला हिमयुग आणून दाखवतो, असं ते गमतीत म्हणाले होते. ते वाक्य एवढं गाजलं की पुढे काही कंपन्यांनी त्यावर धंदा मांडायचे बेत केले. मार्टिन 1993 मध्ये वारले, आणि त्याच वर्षापासून खुल्या समुद्रात प्रत्यक्ष लोह टाकून बघायला सुरुवात झाली. डझनभर प्रयोग झाले. लोह टाकलं की पाणी हिरवं होतं, याबद्दल आता वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या पायरीचा. प्लवक वाढलं म्हणजे कार्बन गेला असं होत नाही. ते कोणीतरी खातं, खाणारा श्वास घेतो, उरलेलं जिवाणू कुजवतात, आणि बहुतेक कार्बन वरच्या थरातच फिरत राहून पुन्हा हवेत जातो. (जगातल्या प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं समुद्री प्लवक करतं हे बरोबर आहे, पण म्हणून 'आपला निम्मा श्वास समुद्र देतो' हे व्हॉट्सॲपवरचं वाक्य बरोबर ठरत नाही. तो ऑक्सिजन जवळजवळ सगळा समुद्रातच वापरला जातो.) कार्बन शेकडो वर्षांसाठी बाजूला ठेवायचा तर तो हजार-दोन हजार मीटर खाली गेला पाहिजे. कोणाच्या पोटात न जाता, वाटेत न कुजता, एवढ्या खाली जाण्याची ताकद असलेला गडी म्हणजे डायटम.

डायटम ही एकपेशीय शेवाळं, पण प्रत्येक पेशी सिलिकाच्या, म्हणजे जवळपास काचेच्या कवचात बसलेली. कवचाचे दोन भाग, डबा आणि त्यावर बसणारं झाकण. पेशी दुभंगली की दोघींना एकेक भाग मिळतो आणि प्रत्येक जण त्याच्या आत बसेल असा नवा, लहान भाग तयार करते. त्यामुळे एक वंश पिढ्यान् पिढ्या बारीक होत जातो, आणि शेवटी लैंगिक पुनरुत्पादन करून मूळ आकारावर येतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे पहिल्यांदा पाहणारा माणूस मोजणी विसरून नुसता बघत बसतो. मोजणी करायला बसवलेल्या नव्या मुलांवर मी म्हणूनच ओरडत नाही.

स्मेटाचेक हे कुमाऊँच्या डोंगराळ मुलखात वाढलेले आणि जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर संस्थेत काम केलेले. त्यांनी आयुष्यभर एकच प्रश्न लावून धरला: हे कवच आहे तरी कशासाठी? 1985 च्या एका लेखात त्यांनी मांडलं की बहराच्या शेवटी डायटम एकमेकांना चिकटून गठ्ठ्यांनी खाली बसतात, हा त्यांच्या जीवनक्रमाचाच भाग असू शकतो. पुढे त्यांचं म्हणणं असं की कवच हे चिलखत आहे आणि प्लवकांच्या जगात खरी स्पर्धा खाल्लं न जाण्याची आहे. 2003 मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका डायटमला बारीक काचेच्या सुईने दाबून पाहिलं. कवच फुटायला लागणारा दाब दर चौरस मीटरला शेकडो टनांपर्यंत निघाला. प्लवक खाणारे बारीक प्राणी म्हणजे कोपेपॉड, त्यांच्या जबड्यांनाही ते सोपं जात नाही.

आता दोन प्रयोग शेजारी ठेवून बघा. पहिला 'आयफेक्स', 2004 चा. दोन्हींना जहाज एकच, 'पोलारश्टेर्न', आणि दोन्ही दक्षिण महासागराच्या अटलांटिक बाजूला, साधारण 50 अंश दक्षिणेच्या आसपास. पाण्याचा मोठा भोवरा शोधायचा, म्हणजे टाकलेलं लोह इकडेतिकडे पांगत नाही, आणि त्यात लोहाचं द्रावण सोडायचं. आयफेक्समध्ये मोठ्या साखळ्या करणारे डायटम फोफावले, आणि मग त्यांचे गठ्ठे खाली कोसळले. त्या बहरातला निदान निम्मा भाग हजार मीटरच्या खूप खाली गेला. हे निष्कर्ष 2012 मध्ये 'नेचर'मध्ये आले.

दुसरा लोहाफेक्स. एनआयओचे वजिह नक्वी आणि स्मेटाचेक हे दोघे प्रमुख, आणि जहाजावर भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा चमू. 7 जानेवारी 2009 ला केपटाउनहून जहाज सुटलं आणि मागे आरडाओरडा सुरू झाला. आदल्याच वर्षी बॉनच्या जैवविविधता परिषदेत अशा प्रयोगांना आवर घालायचं ठरलं होतं. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने हरकत घेतली, संशोधन मंत्रालयाने प्रयोग थांबवून बाहेरच्या तज्ज्ञांचं मत मागवलं, आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात परवानगी मिळाली. विरोध करणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही, धंदेवाईकांची भीती खरी होती. पण 300 चौरस किलोमीटर पाण्यात सहा टन विरघळलेलं लोह, हे प्रमाण बघता त्या बातम्यांचा सूर मला आजही अति वाटतो.

झालं काय? दोन आठवड्यांत प्लवक दुप्पट झालं आणि तिथेच अडकलं. वाढले ते डायटम नव्हतेच, कवच नसलेले छोटे जीव होते. त्यांना कोपेपॉडनी खाल्लं, कोपेपॉडना झिंग्यासारख्या दिसणाऱ्या थेमिस्टो नावाच्या ॲम्फिपॉडनी खाल्लं. खाली गेलेला कार्बन नगण्य. कारण त्या भोवऱ्याच्या पाण्यात सिलिकेट, म्हणजे कवचासाठी लागणारं विरघळलेलं सिलिका, जवळपास संपलेलं होतं. आधी वाढलेले डायटम ते घेऊन बुडाले होते. आयफेक्सच्या पाण्यात ते भरपूर होतं. लोह दोन्हीकडे टाकलं, पण कवचाला माल नाही तर डायटम कुठून येणार?

म्हणून 'लोखंड टाकून कार्बन कमी होतो का' याचं माझं उत्तर: सिलिकेट असलेल्या थंड पाण्यात, योग्य डायटम हजर असतील तर, काही प्रमाणात होतो. जगाचा प्रश्न सुटेल एवढा नाही. लोहाफेक्सने हिशेबातला महासागराचा मोठा तुकडाच वजा करून टाकला. दक्षिण महासागरात सिलिकेट मुख्यतः अंटार्क्टिकाच्या बाजूला आहे, उत्तरेकडे नायट्रेट असूनही ते तुटपुंजं. हे उत्तर विकायला निघालेल्यांना नको होतं, म्हणून 'फसला' हा शब्द चिकटला असावा असा मला संशय आहे.

'मग आपल्या अरबी समुद्रात करून बघायला काय हरकत आहे' असं काही जण विचारतात, म्हणून तेही सांगतो. हरकत मोठी आहे. अरबी समुद्रात साधारण 150 मीटरपासून हजारेक मीटरपर्यंत ऑक्सिजन आधीच नावापुरता उरलेला आहे. वरून जास्त प्लवक खाली बसलं की ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही जाईल आणि नायट्रस ऑक्साइड सुटायची शक्यता वाढेल. तो वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा शेकडो पटींनी जास्त तापवणारा. शिवाय अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात पूर्वी डायटमचा बहर यायचा, तिथे या शतकात हिरव्या नॉक्टिल्युका या दुसऱ्याच एकपेशीय प्लवकाचे थर पसरू लागले आहेत. पाण्यातला ऑक्सिजन घटल्यामुळे हे झालं असं एक मत, तर हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राच्या शास्त्रज्ञांनी ईशान्य अरबी समुद्रात पाहिलेले थर पुरेसा ऑक्सिजन असलेल्या पाण्यात होते. हा वाद अजून मिटलेला नाही. डायटम असो की नॉक्टिल्युका, उपग्रहाला दोन्हींचा रंग हिरवाच दिसतो. माशांना मात्र फरक पडतो. डायटमना कोपेपॉड खातात, तारलीही खाते; नॉक्टिल्युका खाणारे मुख्यतः साल्प (जेलीसारखे पारदर्शक प्राणी) आणि जेलीफिश, आणि ते कोणाच्या जाळ्यात नको असतात.