सही करण्याआधी नाव कोणाच्या मालकीचं राहतंय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. खणाच्या जॅकेटांचा ब्रँड तुमच्या स्वतःच्या नावाने चालतोय, ऑर्डरी झेपत नाहीत, गुंतवणूकदार मिळालाय, पण त्याला 60 टक्के हिस्सा हवाय आणि ब्रँडही कंपनीच्या मालकीचा हवाय. घरचे म्हणतात, सही करून टाक. हिश्श्याचं गणित तुमचे सीए बघतील. मी फक्त नावाबद्दल बोलते.

न्यूयॉर्कचा फॅशन डिझायनर हॉल्स्टन आठवा. 1961 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या शपथविधीला त्यांची पत्नी जॅकलिनने घातलेली टोपी त्याची. 1973 मध्ये त्याने धंदा नावासकट नॉर्टन सायमन कंपनीला विकला. पुढची काही वर्षं भरभराटीची गेली, 1975 चं परफ्यूम तर तुफान चाललं. 1983 मध्ये त्याने जेसी पेनी या सर्वसामान्यांच्या दुकानांसाठी स्वस्त कपडे केले, तेव्हा बर्गडॉर्फ गुडमनसारख्या उंची दुकानाने त्याचा माल बंद केला. त्याच वर्षी नॉर्टन सायमन कंपनीच दुसऱ्यांनी विकत घेतली आणि 1984 मध्ये तो बाहेर पडला. 1990 मध्ये वारला, तोवर स्वतःच्या नावाने कपडे विकायचा हक्क त्याला परत मिळाला नाही. जेसी पेनीने त्याला बुडवलं असं म्हणतात. मला ते पटत नाही. स्वस्त मालात हात पोळलेला माणूस पुन्हा दुकान थाटतो, पण याला पाटीवर लिहायला नावच उरलं नव्हतं.

माझ्या बाबतीत हा घोळ एका सल्लागार कचेरीने केला. ट्रेडमार्कचा, म्हणजे ब्रँडच्या नावावर कायदेशीर हक्क नोंदवायचा, अर्ज माझ्या वैयक्तिक नावाने करा असं मी लेखी कळवलं होतं, पॅनकार्डही दिलं होतं. त्यांनी अर्जदार म्हणून कंपनी घातली. विचारलं की, "मॅडम, एकच आहे हो ते, नंतर बदलता येतं." पुढे भागीदाराने हिस्सा विकला, नाव वापरू नका अशी नव्या मालकाची नोटीस आली, तेव्हा त्या कचेरीत फोनवर दर वेळी नवा माणूस आणि फाइल कायम 'वरच्या सरांकडे'. आजही आठवलं की संताप होतो. तयार जॅकेटांची लेबलं उसवावी लागली. खणावर मानेपाशी सुईची भोकं राहतात, कितीही इस्त्री फिरवा, जात नाहीत. तो सगळा माल पडेल भावात काढला.

मी वकील नाही, तेव्हा पुढचं तुमच्या वकिलाला दाखवून घ्या. अर्ज स्वतःच्या नावाने करा. कपड्यांसाठी वर्ग 25, नुसतं कापडही विकत असाल तर 24, दुकान किंवा वेबसाइट असेल तर 35. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीला दर वर्गामागे 4500 रुपये फी आहे. अर्जदाराच्या रकान्यात काय लिहिलंय ते सबमिट करण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, पावतीही वाचा. कंपनीला नाव वापरायचा फक्त परवाना द्या, आणि तुम्ही बाहेर पडलात किंवा कंपनी विकली गेली तर परवाना संपेल असं त्यात लिहून घ्या. गुंतवणूकदार कुरकुर करेल. अडूनच बसला तर ब्रँडसाठी नवीन नाव काढा आणि ते खुशाल त्याला द्या. आई-वडिलांनी ठेवलेलं नाव देऊ नका. हे माझं मत, सगळ्यांना पटेलच असं नाही.

कोणीतरी सांगेल की ट्रेडमार्क कायद्याचं कलम 35 आपलं नाव प्रामाणिकपणे वापरायची मुभा देतं. देतं, पण 'वापरणार नाही' असं करारात तुम्हीच लिहून दिलं असेल तर त्या कलमाच्या भरवशावर राहू नका.

विषय निघालाच आहे तर डोमेन आणि इन्स्टाग्रामचं खातं कोणाच्या मेलवर आहे तेही आजच तपासा. पुष्कळदा ते वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या मेलवर असतं. आणि कराराचा मसुदा आला की 'बौद्धिक संपदा'ची व्याख्या असलेलं पान, नावं झाकून, इथे टाका. मी बघते.