रुकी कार्ड तेच, मग भावात एवढा फरक कशाने?

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. शेजाऱ्यांनी घर बदलताना तुमच्या लेकाला बेसबॉल कार्डांचा एक खोका दिला. त्यात केन ग्रिफी ज्युनियरची १९८९ची दोन कार्डं आहेत, एक अप्पर डेकचं, एक डॉनरसचं. डेरेक जीटरची १९९३ची दोन, एक टॉप्सचं आणि एक एसपीचं (एसपी हा अप्पर डेकचाच एक संच; बाकीची नावं कार्डं काढणाऱ्या कंपन्यांची). शिवाय एका आताच्या खेळाडूचं चकचकीत पॅनिनी कार्ड आहे. त्यावर ७/२५ असा आकडा आहे, पण टोपीवर संघाचं चिन्ह नाही. सगळीच रुकी कार्डं, म्हणजे खेळाडूच्या पहिल्या वर्षातली, तर भाव इतके वेगळे का? आणि जगात २५च प्रती असलेलं कार्ड सगळ्यांत महाग का नाही?

आधी त्या पंचवीसवाल्याचं बघू. कार्ड २५ आहेत, पण ते हवं असणारी माणसं दहाच असली, तर बाजाराच्या दृष्टीने ते मुबलकच म्हणायचं. बेसबॉल कार्ड काढायला दोन परवाने लागतात, एक खेळाडूंच्या संघटनेचा आणि दुसरा मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचा. पॅनिनीने पहिला मिळवला, दुसरा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून चित्रातून संघाची चिन्हं पुसावी लागली. लीगने तो हक्क २०१० पासून एकट्या टॉप्सला दिला होता. ज्याला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा खेळाडू हवा असतो त्याला तो यांकीजच्या टोपीतच हवा असतो. म्हणून त्याच खेळाडूचं टॉप्सचं जास्त प्रती असलेलं कार्डसुद्धा पुष्कळदा पॅनिनीच्या कमी प्रतींवर मात करतं.

आता ग्रिफी. १९८७ ते साधारण १९९४ या काळात कंपन्यांनी बेसुमार छपाई केली. लोक खोकेच्या खोके भरून ठेवत होते, मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडतील म्हणून. आज त्यातल्या बहुतेकांना कागदाचीच किंमत आहे. तुमचं डॉनरस त्यातलंच. अप्पर डेकचं ग्रिफीही लाखोंनी छापलं गेलं, तरी ते वेगळं ठरलं. कंपनी नवी होती, कागद जाड आणि पांढरा, पाठीवर होलोग्रॅम, पाकीट छेडछाड करता येणार नाही असं. आणि अजून मोठ्या लीगमध्ये एकही सामना न खेळलेल्या पोराला त्यांनी संचातला क्रमांक १ दिला. फोटोही कनिष्ठ लीगच्या संघातला होता, त्यावर सिअ‍ॅटल मरिनर्सचे रंग चढवले होते. टॉप्सच्या त्या वर्षीच्या मुख्य संचात तर ग्रिफी नव्हताच. तो वर्षाअखेरच्या ट्रेडेड नावाच्या पुरवणी संचात आला. त्या पिढीच्या मुलांनी 'ग्रिफीचं कार्ड' म्हटलं की अप्पर डेकच डोळ्यांपुढे आणलं, आणि तीच मुलं आज पैसे बाळगून आहेत. ब्रँडची खरी ताकद ही.

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण यांकीजचा जुना दिग्गज मिकी मँटल. त्याचं खरं रुकी कार्ड १९५१चं, बोमन कंपनीचं. पण २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं ते १९५२चं टॉप्स. ते रुकी नाही. इतकंच काय, ते आपल्या मालिकेत सर्वांत दुर्मीळही नाही, कारण छपाईच्या तक्त्यावर मँटल दोनदा होता. ३११ ते ४०७ क्रमांकांची ही शेवटची मालिका हंगाम सरत आल्यावर बाजारात आली, मुलांचं लक्ष तेव्हा दुसरीकडे गेलं होतं. माल पडून राहिला. १९६० मध्ये उरलेली खोकी बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नावेवर, लादून अटलांटिकमध्ये बुडवल्याची हकीकत टॉप्सच्या साय बर्गर यांनी स्वतः सांगितली आहे. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यापुढचं. टॉप्सने १९५६ मध्ये बोमनलाच विकत घेतलं आणि पुढची पंचवीस वर्षं बेसबॉल कार्ड म्हणजे टॉप्स असं समीकरण झालं. जिंकलेल्या ब्रँडचा पहिला मोठा संच म्हणून १९५२ला हा मान आहे. बोमनचं छोटंसं कार्ड मला व्यक्तिशः अधिक सुंदर वाटतं, पण बाजाराने कौल दुसरीकडे दिला.

आताच्या पिढीतला मोठा खेळाडू माइक ट्राउट, त्याचंही असंच झालं. २००६ पासून नियम असा की मोठ्या लीगमध्ये उतरण्याआधीचं कार्ड रुकी मानायचं नाही. त्यामुळे त्याचं अधिकृत रुकी २०११चं, टॉप्सच्या अपडेट या पुरवणी संचातलं. पण २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलरला विकलं गेलं ते २००९चं बोमन क्रोम (बोमन हे नाव आता टॉप्सच वापरतं), त्याच्या सहीचं, जगात एकच प्रत असलेलं. होतकरू खेळाडूचं पहिलं कार्ड बोमनमध्येच बघायचं, ही संग्राहकांची सवय त्या नियमापेक्षा भारी पडली.

तुमच्या खोक्यातली खरी उत्सुकतेची गोष्ट म्हणजे जीटरचं एसपी. टॉप्सचं मुबलक आहे, ते लेकाला खेळायला द्या. एसपीवर चकाकता वर्ख आहे. तो इतका नाजूक, की पाकिटातून काढतानाच कडा आणि कोपरे खरवडायचे. हजारो प्रती ग्रेडिंगला, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून गुण देणाऱ्या कंपन्यांकडे गेल्या, पण त्यातल्या पीएसए या कंपनीकडून १० पैकी १० मिळवणाऱ्या दोन डझनांच्या आसपासच. अप्पर डेकच्या ग्रिफीला तोच शेरा मिळालेल्या प्रती चार हजारांच्या वर आहेत. कंपनीने आकडा छापून केलेल्या टंचाईपेक्षा माझा या टंचाईवर जास्त विश्वास आहे, कारण ती कुणी ठरवून केलेली नाही आणि उद्या कुणाला वाढवताही येणार नाही.

म्हणून आज एवढंच करा. हात कोरडे करून एसपी जीटर मऊ प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग कडक कव्हरमध्ये सरकवा. वर्ख पुसू नका, कापडानेसुद्धा नाही. मग खिडकीजवळ तिरक्या उजेडात चारही कडा बघा. पांढरे ठिपके दिसले तर ग्रेडिंगला पाठवण्याची घाई नको. मी असं एक कार्ड उत्साहाने पाठवलं होतं, शेरा मधलाच आला आणि फी कार्डाच्या किमतीहून जास्त झाली. भाव बघताना विक्रेत्यांनी लावलेले आकडे सोडून द्या, प्रत्यक्ष विक्री झालेले तेवढे बघा. आणि कडांचे फोटो इथे टाका, दोन्ही बाजूंचे.