आठवड्यातून दोन उपवास करूनही वजन का कमी होत नाही? साबुदाण्याची खिचडी तर हलकी असते ना?

नाही, खिचडी हलकी नसते. बहुतेक घरांत ती नेहमीच्या जेवणापेक्षा जास्त कॅलरीची होते. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 350 कॅलरी असतात, प्रथिनं आणि चोथा नावालाच. खरी गंमत पुढे आहे. एका बशीचा हिशेब करून बघा:

- साबुदाणा (कोरडा) 60 ग्रॅम: 210
- दाण्याचं कूट 25 ग्रॅम: 140
- तूप 20 ग्रॅम: 180
- अर्धा बटाटा: 40

झाल्या 570. दोन फुलके, वाटीभर आमटी आणि बेताच्या तेलातली भाजी मिळून साधारण 400 च्या आसपास जातात. वर संध्याकाळी बटाट्याचा चिवडा आणि राजगिऱ्याचा लाडू असतोच, आणि लाडू गुळाचा आहे म्हणून तो माफ होत नाही, कारण गूळ आणि साखर यांच्या कॅलरी जवळपास सारख्याच. हे आकडे पोषणमूल्यांच्या तक्त्यांवरून काढलेत. तुमच्या घरचं तुपाचं माप वेगळं असेल तर बेरीज शंभरेक कॅलरींनी सहज इकडेतिकडे होईल. कूट मात्र अजिबात वगळू नका, बशीतली जी काही प्रथिनं आहेत ती त्यातच आहेत. हात आखडायचा तो तुपावर. अर्थात दिवसभरात ती एकच बशी खाऊन बाकी ताक-पाण्यावर राहत असाल, तर त्या दिवसाची बेरीज कमीच भरेल. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर असा उपवास डॉक्टरांना विचारूनच करा.